घाडीकाकांची रुसलेली बाय

आपल्या घरातल्या मिक्सरला तुम्ही शेवटचं कधी विचारलंत, की बाई, आज तब्येत कशी आहे? नाही ना? मग भांडुपच्या आमच्या चाळीत तुमचा निभाव लागणार नाही. आमच्या मजल्यावर एक मशीन आहे आणि जिना चढून येणारा प्रत्येक माणूस आधी तिची खुशाली विचारतो. न विचारता पुढे गेलात, तर घाडीकाका मागून हाक मारतात, "काय रे, बाय तुझी कोण लागना नाय?"

बाय म्हणजे गोधड्या शिवायचं मशीन. शिंप्याकडे असतं तसलं नव्हे. हिला हत्तीच्या सोंडेसारखा लांब आडवा हात आहे. अख्खी डबल गोधडी गुंडाळून त्या हाताखालून सरकवता येते. काका कांजूरमार्गच्या एका ताडपत्रीच्या कारखान्यात होते. मालकाने कारखाना परराज्यात हलवला, तेव्हा कामगार आणि जुनं मशीन अशा दोन निरुपयोगी वस्तू मागे टाकल्या. कामगारांचं पुढे काय झालं यावर मी सविस्तर लिहिणार आहे, आणि ते मालकाला झोंबेल असं लिहिणार आहे. मशीन मात्र काकांनी हातगाडीवर घालून घरी आणलं.

ते खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून व्हरांड्यातच मांडलं. अर्धा व्हरांडा गेला. गॅसचा सिलिंडर आला की भय्या तो डोक्यावर घेऊन खेकड्यासारखा तिरका चालतो. गणपतीची मूर्ती काही आडवी करता येत नाही, त्यामुळे बायच्या पलीकडच्या खोल्यांतले गणपती तेव्हापासून एकेक साइझने लहान झालेत.

काकांचा सकाळचा चहा नंतर, आधी बायची आंघोळ. दाढीच्या ब्रशने शटलमधला कापसाचा भुगा झाडायचा, ठरलेल्या भोकांत तेलाचे थेंब सोडायचे, मग जास्तीचं तेल उतरावं म्हणून एका फडक्यावर उगाच टाके मारायचे. या फडक्याला 'बायचो रुमाल' म्हणायचं. एकदा मुलीने वडिलांसाठी नवा ब्रश पाठवला. तोही बायला गेला. काका अजून बोटांनीच फेस करतात.

इतकी बडदास्त, आणि तरी बाय रुसते. तुम्ही जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन गेलात की काका थर लावतात, सुईखाली सरकवतात, मशीन झकास धावतं, आणि हातभर शिवण झाली की खालून दोऱ्याचा हा एवढा गुंता. काका कपाळाला हात लावतात.

"बाय रुसली हा. बस मरे जरा. तिका घाई चलना नाय."

मग गुंता उसवायचा. उसवता उसवता चौकशी: ही साडी कोणाची, कुठल्या लग्नात नेसलीस, त्या लग्नात मटण कमी पडलं म्हणतात ते खरं का. तोवर चहा येतो, बटर येतात. सासूची तक्रार करायला बसलेल्या सुनेच्या शेजारी तीच सासू आपलं गाठोडं घेऊन येऊन बसते. गोधडी पुढे सरकत नाही, गप्पा सरकतात. जाधवांच्या सुनेने पोटुशी असताना बाळासाठी गोधडी टाकली होती. ती तयार झाली तेव्हा बाळ स्वतः चालत न्यायला आलं आणि रंग आवडला नाही असं सांगून गेलं.

मी तत्त्वाचा माणूस. कामगार झाला म्हणून त्याने गिऱ्हाइकाला तिष्ठत ठेवायचं? मी लाल शाईत एक पत्रक लिहिलं आणि जिन्यात चिकटवलं. काकांनी ते हळूच सोडवलं, मागच्या कोऱ्या बाजूवर गोधडीची नक्षी काढली आणि मला म्हणाले, कागद चांगला होता, असेच आणत जा.

काका एकटेच राहतात. काकू मुलीच्या बाळंतपणाला मालवणला गेल्या. नातू आता शाळेत जातो. "येतली," काका म्हणतात, आणि विषय बायच्या पट्ट्यावर नेतात.

शेवटी, मशीन चालत नाही आणि नुसता व्हरांडा अडवतं, अशी तक्रार चाळ कमिटीकडे गेली. कमिटीच्या अध्यक्ष कांबळेताई. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, त्यामुळे बोलणं मुद्द्याचं आणि पटकन कट. त्यांनी ठरवून टाकलं: मशीन चालत असेल तर राहील, बंद असेल तर भंगारात जाईल. रविवारी सगळ्यांसमोर एक गोधडी या काठापासून त्या काठापर्यंत न थांबता शिवून दाखवायची.

काकांचा चेहरा उतरला. तो आठवडाभर त्यांनी बायचा एकेक स्क्रू काढून पुसला, पट्टा बदलला, नवी सुई लावली.

रविवारी सगळी चाळ लोटली. शेजारच्या चाळीतलेही आले. फुकट तमाशा कोण सोडणार. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पायाखालची मोटर घुमली आणि बाय अशी धावली की माझीच वाट लागली. बाय नापास होणार अशी मी पैज लावली होती. एक ओळ झाली, दुसरी झाली. टाका सरळ, खाली गुंता नाही. अर्धी गोधडी पार झाली तसं लोकांना कळलं की मशीन पास. कोणाला गॅसवरचे बांगडे आठवले, कोणाला टीव्ही. माणसं उठून चपला शोधायला लागली.

काकांनी मान वर करून त्या पाठींकडे पाहिलं.

मी मशीनच्या हाताला टेकून उभा होतो, म्हणून दिसलं. त्यांचा अंगठा सावकाश वर गेला, दोऱ्याचा ताण धरणाऱ्या चकतीवर, आणि चकती सैल केली. दोन टाके गेले आणि खाली हा एवढा गुंता.

"गेली," काका म्हणाले. "बाय रुसली हा. बसा सगळे."

आणि त्यांनी खोलीचं दार उघडलं. आत स्टोव्हवर लग्नघरातलं असावं तेवढं पातेलं चहाने भरलेलं, आणि जमिनीवर चाळभरातून मागून आणलेले कप मांडून ठेवलेले.

मी तोंड उघडलं. सत्य जनतेपुढे मांडणं माझं कर्तव्यच होतं. तेवढ्यात माझ्या पायावर कांबळेताईंची चप्पल पडली, आणि पडूनच राहिली.

"गप रे," त्या पुटपुटल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "मशीन नापास. पुढच्या रविवारी परत तपासणी. तोवर हलवायचं नाही. हलवलं तर तपासायचं काय?"

काका मान खाली घालून गुंता उसवत होते. बराच वेळ त्यांना दोऱ्याचं टोक सापडेना. मग त्यांनी विचारलं, "ताई, चायत साखर किती घालू?"

तपासणी अजून चालू आहे, आणि बाय अजून पास झालेली नाही. म्हणून माझी एक विनंती. पेटीत एखादी विरलेली साडी असेल तर ती घेऊन एखाद्या रविवारी आमच्याकडे या. हाताशी वेळ ठेवून या. आणि काकांचा अंगठा चकतीकडे जाताना दिसला, तर कृपा करून त्या क्षणी दुसरीकडे बघा.