बाराव्या घराची पाळी

तनुजानं जर्मनीहून रचून पाठवलेलं संगीत नानासाहेबांनी पंधराव्यांदा ऐकलं आणि पंधराव्यांदा त्यांच्या तोंडून तेच निघालं, "अगं, पण सा कुठंय?"

उत्तर द्यायला घरात होतं कोण? बायकोला, चतुराबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली होती. चिकलठाण्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून उभी हयात काढलेल्या नानांकडे आता सांभाळायला एक पेटी उरली होती आणि दर रविवारी दुपारी येणारा लेकीचा फोन. इमारतीत बारा घरं, पण माणूस भेटायचा तो जिन्यात. "काय नाना, जेवलात का?" असं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत खाली पोचलेला असायचा.

गेल्या रविवारी तनुजानं विचारलं होतं, "कसं वाटलं माझं काम?"

"छान आहे," नाना म्हणाले.

"तुम्ही सगळ्यालाच छान म्हणता, नाना. मागच्या वेळी मी हॉस्टेलच्या पडद्यांचा फोटो पाठवला, तेव्हाही छानच म्हणालात. ऐकलं तरी का?" आणि फोन दोन मिनिटांत संपला.

ते नानांच्या फार जिव्हारी लागलं. हे असंच चाललं तर एक दिवस पोरगी पाठवायचीच बंद होईल, मग फोनवर बोलायचं तरी काय? हवापाणी? येत्या रविवारच्या आत हे संगीत समजून घ्यायचंच, असं त्यांनी ठरवलं.

तनुजानं सोबत चार ओळी लिहिल्या होत्या. सप्तकातले बाराही सूर एकेकदा वाजायचे. बारा पूर्ण झाल्याशिवाय एकही सूर परत यायचा नाही. कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही, सगळ्यांनी जिथं परत यायचं असा सा तर नाहीच. मग वाटलं तर तीच ओळ उलटी वाजवायची.

"म्हणजे घरात कर्तं माणूसच नाय म्हणा की," नाना पुटपुटले आणि पेटीपुढं बसले. एकेक सूर मोबाइलवर ऐकायचा, पेटीवर शोधायचा. पण बोटं पडली पन्नास वर्षांची भजनी! कोमल रे म्हटला की पुढं भैरव हात जोडून उभाच. शेवटी नानांनी सुरांची नावंच काढून टाकली. पट्ट्या बारा, घरंही बारा. त्यांनी चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येक पट्टीवर एकेका घराचं नाव चिकटवलं. सोसायटीचे चेअरमन सर्जेराव यांना त्यांनी मुद्दाम एक किनरी पट्टी दिली आणि जरा बरं वाटून घेतलं.

एक पट्टी खराब होती. दाबली की आधी उसासा टाकायची, मग वाजायची. "अगदी तुमच्यावर गेलीय," चतुराबाई म्हणायच्या, "बोलायच्या आधी सुस्कारा!" ती नानांनी स्वतःला ठेवली. मागच्या दिवाळीत तनुजा आली होती, तेव्हा हीच पट्टी पुन्हापुन्हा दाबून तिच्यापाशी मोबाइल धरून बसली होती. फोटो काढत असेल, असं तेव्हा नानांना वाटलं होतं.

बुधवारपर्यंत क्रम लागला. पहिली आवडाबाई, सातवा फारूख, नववे सर्जेराव, असे अकरा. अकरावा सूर झाला की शांतता व्हायची, आणि संपलं म्हणून नाना मोबाइल बंद करायचे. बारावा सूर नव्हताच! पोरगी मोजायला चुकली की काय? हे तिला सांगायचं तरी कसं? काळजीत पडलेल्या नानांनी सगळा क्रम कागदावर मांडला, उरलेल्या बाराव्या जागी स्वतःला बसवलं आणि खाली टीप लिहिली: 'प्रत्येकाची पाळी एकदाच. सगळे झाल्याशिवाय पहिल्याकडे परत जायचं नाही. पुढची फेरी उलट्या क्रमानं.'

पंख्याच्या वाऱ्यानं तो कागद उडाला, गॅलरीतून गेला आणि खाली सर्जेरावांच्या स्कूटरवर जाऊन बसला.

आता, ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तिथं असल्या कागदाचा अर्थ एकच. टाकीतलं पाणी आधी कुणाच्या घरी सोडायचं यावरून इमारतीत महिनाभर भांडणं पेटली होती. कुणीतरी तटस्थ माणसानं पाळ्या लावाव्यात, असं मीटिंगमध्ये ठरलं होतं. नानांना त्या मीटिंगचा पत्ताच नव्हता. सर्जेरावांनी कागदाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवरही नाना नव्हते.

तासाभरात बेल वाजली. दारात सर्जेराव.

"नाना, मला नववा ठेवलं व्हय?"

नाना हरखले. पेटीवरच्या चिठ्ठ्यांची बातमी फुटली म्हणायची! "मी कुठं ठेवलं? तनुजानं ठेवलं."

"तनुजानं? जर्मनीत बसून?"

"तिकडं शंभर वर्षांपासून चालतंय हे. कुणी मोठा नाय, कुणी लहान नाय."

"पण मी चेअरमन हाय!"

"असाल. इथं 'सा'लाच थारा नाय, तिथं तुमचं काय घेऊन बसलात!"

सर्जेराव जिना उतरले. 'ही जर्मन सिस्टिम आहे,' असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं, आणि मग रांगच लागली.

आवडाबाई धपाटे घेऊन आल्या. "जन्मात पहिल्यांदा पहिला नंबर लागला बघा माझा, नाना."

"पण उलट्या फेरीत तुम्ही शेवटी जाणार बरं का."

"जाते की. एकदा तरी पहिली झाले ना!" त्या अर्धा तास बसल्या.

फारूख डबाभर नान-खलिया घेऊन आला. "नाना, सातवां नंबर ठीक है, पण अम्मी के घुटने दुखते. तेवढं जरा वर सरकवा की."

"फारूख, एक जरी सरकवला तर पोरीचं सगळं काम बिघडतं रे."

"उसूल के पक्के हो नाना," म्हणत फारूखनं कानाला हात लावला.

शनिवारपर्यंत अकराही घरं येऊन गेली, एकही दोनदा न येता. नानांनी जन्मात एवढं बोलून घेतलं नव्हतं. इतक्या लोकांना लेकीचं संगीत समजतं आणि आपल्यालाच समजत नाही, याची त्यांना शरमही वाटली. संध्याकाळी धुतलेला डबा परत द्यायला ते आवडाबाईंच्या दारी गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "उद्या पाणी येणार. तुमच्या यादीनं सोडायचं ठरलंय."

"पाणी?" नानांनी विचारलं. सगळा उलगडा झाल्यावर ते कसंनुसं हसले आणि घरी येऊन पेटीपुढं बसून राहिले. माणसं पाण्यासाठी आली होती. नानांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. उरलेले धपाटेही त्यांनी खाल्ले नाहीत.

रविवारी फोन आला.

"ऐकलं का, नाना?"

"सत्तावीस वेळा ऐकलं," नानांनी सुस्कारा टाकला, आणि सगळं सांगून टाकलं. चिठ्ठ्या, सर्जेराव, पाणी, सगळं. तनुजा हसत सुटली. मग नाना चाचरत म्हणाले, "पण बाळा, रागावू नकोस. सूर अकराच भरतात. मी परत परत मोजले."

पलीकडचं हसू थांबलं. "नाना, तुम्ही शेवटपर्यंत नाही ऐकलं?"

"संपतं की ते!"

"संपत नाही. चाळीस सेकंद काहीच वाजत नाही. थांबायचं असतं तिथं. आत्ता लावते, ऐका."

अकरावा सूर झाला. शांतता पसरली. नानांचं बोट सवयीनं पुढं सरकलं, ते त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं फोनमधून एक उसासा आला, आणि मग सूर. त्यांच्याच पेटीचा.

"नाना? आहात ना?"

"आहे," ते कसेबसे म्हणाले. "मी शेवटी आहे."

खालून सर्जेरावांची हाक आली, "नाना ऽ! अकरा घरं झाली! बारावी पाळी तुमची, भांडी लावा!" स्वयंपाकघरात नळ खोकला आणि पाणी सुरू झालं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. नानांनी दार उघडलं. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या घेऊन आवडाबाई उभ्या होत्या. "एकटे कुठं भरत बसता, नाना? सरका."

"कोण आलंय?" तनुजानं विचारलं. "मग ठेवू का फोन?"

"ठेवू नको," नाना म्हणाले. "बारा पुरे झाले. पहिला सूर परत आलाय."