बोरसे सरांचे यजमान

अमळनेरच्या आमच्या कॉलनीत कुणी सहज म्हणालं, "मच्छर फार झालेत," तर बोरसे सर विचारतात, "मागच्या पिढीच्या किती पट?" त्यापेक्षा मच्छर परवडले म्हणून माणूस घरात पळतो.

सर गणिताचे निवृत्त प्राध्यापक. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो, म्हणजे त्यांच्या मते काहीच करत नव्हतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी कपाशीवरच्या बोंडअळीचं गणित मांडायला घेतलं. गांधीलमाशीच्या जातीची एक अगदी बारीक माशी बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि अळीऐवजी माशीच बाहेर पडते. माशी ती 'पाहुणी' आणि बोंडअळी तिची 'यजमान', ही सरांची भाषा. आपल्याकडे बायका नवऱ्याला यजमान म्हणतात, हे या गृहस्थाच्या गावीच नव्हतं. लग्न केलं असतं तर कळलं असतं.

शेतकरी मेळाव्यात सरांनी समोरच्या बायकांना बजावलं, "गृहीत धरा, पाहुण्या वाढल्या. त्या सगळे यजमान संपवतील!"

कॉलनीमागे कपाशी करणाऱ्या सिंधुअक्का उठल्या. "बठ्ठा यजमान मारी टाकशात ते आम्हनं कसं व्हई, सर?"

मंडपात हशा उसळला. सर मात्र खूश. "अगदी बरोबर प्रश्न!" त्यांचं घोडं तिथंच अडलं होतं. समीकरण कसंही सोडवा, आधी यजमान संपायचे आणि मग उपाशी पाहुण्या.

तरीही अक्कांनी सरांच्या शब्दावर फवारणी थांबवली आणि पानांमागे माशीच्या अंड्यांची कार्डं टाचली. आता कपाशीही संपणार, असं मी कॉलनीभर सांगत सुटलो.

फुलं लागल्यावर एका सकाळी फिरायला गेलो, तर सर अक्कांच्या शेतात वाकून डोमकळ्या, म्हणजे आत अळी शिरल्यानं न उमललेली फुलं, खुडत होते. पिशवी अर्धी भरली होती. रोज अक्का शेतात यायच्या आधी येत होते म्हणे.

"अहो, हातानं अळ्या काढल्यावर प्रयोग बाद झाला की!" मी म्हणालो.

"पहिल्याच दिवशी झाला."

एरवी मी टोमणा मारला असता. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

"अक्काला सांगू नका," सर कंबर धरून म्हणाले. "तीस वर्षं शिकवलं. माझ्या गणितावर विश्वास ठेवणारी ती एकटीच भेटली."