उंचावरच्या कड्या

आमचे घरमालक नागोजीराव यांच्या घरात एकही कडी हाताच्या उंचीला नाही. सगळ्या चौकटीच्या पार वर. त्यांच्या संडासात गेलेला पाहुणा आधी टाचा उंचावतो, मग नाद सोडतो आणि दार नुसतं लोटून आत खोकत बसतो.

नागोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड केव्हा शिरतं ते त्यांनाही कळत नाही. स्वतः मेटगळ्ळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, आता एकटे राहतात. घोडदळाचं शौर्य मधल्या एखाद्या पिढीत संपलं असावं, कारण हे भरलेल्या बादलीलाही घाबरतात.

आम्ही पुण्याहून त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा मीरा अडीच वर्षांची होती आणि आम्ही दोघं नोकरी करणारे. सामान उतरायच्या आत नागोजीरावांनी तपासणी केली. "नोडी सार, तव्याचा दांडा भिंतीकडं. टेबलावर चादर बेडा, पोर ओढतंय. आंघोळीला बादलीत आधी थंड, कढत मागनं. अष्टे." बेडा म्हणजे नको, अष्टे म्हणजे एवढंच. ते ऐकून मी सुस्कारा सोडला. अष्टेनंतरच खरी यादी सुरू होते, हे पुढे कळलं.

दोन्ही मजल्यांच्या खालच्या कड्या काढून त्यांनी एका फळीवर बसवल्या होत्या. पोराला कडी उघडता आलीच पाहिजे, हे त्यांचं शास्त्र. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे मीराची, म्हणजे त्यांच्या 'पुट्टी'ची, छोटीची, शिकवणी चाले. ती राजवाड्याची दरवान. सगळ्या कड्या लावायची आणि वाट पाहायची. मग नागोजीराव म्हणत, "दरवानजी, अंबारी आली, दार उघडा." तेव्हा ती एकेक कडी सोडी. उघडायला शिकणारं पोर लावायलाही शिकतं, हे त्या शास्त्रात नव्हतं.

मग कोल्हापूरहून आई आली. तिचा हात वर पोचेना. मी गुपचूप बाथरूमला खाली कडी बसवून घेतली.

रविवारी भर दुपारी मीरा बाथरूममध्ये शिरली. आतून कडी सरकली. पाठोपाठ नळ सुटला. गच्चीवर सोलरची टाकी, आणि दुपारी तिच्या पाण्यात चहा होईल. कुठला नळ सुटला, ते बाहेरून कळत नव्हतं.

बायको टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला गच्चीवर धावली. पाणी वाहतच होतं. पाइपात उरलेलंही भाजायला पुरेसं असतं.

"मीरा, दार उघड."

"नाही."

"चॉकलेट देतो."

"नाही."

मी दाराला खांदा लावला. तोच नागोजीराव अनवाणी वर आले. "धक्का बेडा. ती दाराला टेकून असंल," म्हणाले आणि भिंतीला पाठ घासत खाली बसले.

मला तेव्हा खेळ आठवला. "दरवानजी, अंबारी आली, दार उघडा."

आत क्षणभर विचार झाला. "अंबारी अज्जांची असते. अज्जांना बोलव."

अज्जा माझ्या पायाशी बसले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आईने देवाचं नाव घ्यायचंही थांबवलं. मी त्यांचा हात धरला. शेवटी कुठून तरी चिरका आवाज निघाला. "दरवानजी..."

पुढचं बोलता आलंच नाही. पण कडी सरकली.

बादली भरून वाहत होती. गरम नळाला मीराने अजून हात लावला नव्हता. "आधी थंड," तिने आम्हाला समजावलं.

संध्याकाळी ती कडी काढून मी खाली द्यायला गेलो. नागोजीरावांचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"कडी लावत नाही?"

"खांदा धरलाय सार. हात वर जात नाही."

"रात्रीसुद्धा असंच?"

"रात्रीसुद्धा. भ्या वाटतं. झोप येत नाही."

"उद्या सुतार आणतो. कडी खाली घेऊ."

त्यांनी माझ्या हातातली कडी घेतली आणि फळीवर कुठे बसेल ते पाहू लागले. "ही फळी नातवासाठी केलेली. परदेशात असतो. मागच्या खेपेला आला, तर आरशासमोर दाढी करत होता." कडी त्यांनी एका कोपऱ्यात टेकवून पाहिली. "सुतार बेडा सार. पुट्टी येतीय की रोज."