आल्यावर ओरडू नये

धवल अकराला येणार होता आणि साडेदहा वाजता त्याचं पिल्लू केळीत दडून बसलं होतं.

आठवड्यापूर्वी धवलने पेढा नावाचं ते पोमेरेनियन होळी गावातल्या घरी, आईवडिलांकडे सोडलं आणि नेहमीसारखा बूट न काढताच तो विरारला परतला. सोबत सुनेने, रुचिताने लिहिलेला कागद होता: 'पेढा चावला तर पाठ फिरवून गप्प बसावे. हाकेला आला की बिस्कीट द्यावे. कितीही उशिरा आला तरी ओरडू नये.'

धवलच्या वडिलांनी, गंगारामनी कागद वाचला नाही. सगळ्या घराला वळण लावलेला माणूस तो, वीतभर कुत्र्याचं काय घेऊन बसलात! पेढा लेंग्याला चावून पळायचा. "पेढ्या, इकडे ये!" गंगाराम गरजायचे. तो बिचारा शेपूट हलवत यायचा आणि आल्या आल्या बोलणी खायचा. चौथ्या दिवशी त्याने यायचं सोडलं. चावायचं मात्र सोडलं नाही.

आताही गंगाराम वाडीभर ओरडत होते. शेजारचा गॉडफ्रे सुका बोंबील घेऊन धावला. पेढ्याने बोंबील पळवला, वर गॉडफ्रेचं बोट चावलं. गॉडफ्रे दचकून मागे सरला तो थेट पाटाच्या पाण्यात. त्याला ओढायला गेलेले गंगारामही मागोमाग आत.

"गंगारामभाऊ, असा आवाज दिलात तर मीपण नाय येणार," गॉडफ्रे चिखल पुसत म्हणाला.

धवलची आई सुशीलाबाई ओटीवर पाठ करून वाल सोलत होत्या. हाक नाही की काही नाही. थोड्या वेळाने पेढा आपणहून आला आणि त्यांच्या मांडीत बसला. त्यांनी बिस्कीट दिलं.

"तुला कसं जमलं गं?" गंगारामनी विचारलं.

"कागद वाचला."

बारा वाजता धवल आला.

"अकरा म्हणाला होतास ना? घड्याळ कशाला बांधतोस मग?" गंगाराम गरजले.

पेढा लगेच सुशीलाबाईंच्या पदराआड शिरला. धवल उंबऱ्यातच थांबला. "द्या त्याला, निघतो मी."

गंगारामनी पेढ्याकडे पाहिलं, मग धवलकडे. दहावीचा निकाल घेऊन आला तेव्हा, नोकरी लागल्याचं सांगायला आला तेव्हा, पोराला आपण पहिलं वाक्य कोणतं ऐकवलं ते त्यांना आठवलं. फार वाईट वाटलं. माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी वाटीतलं बिस्कीट उचलून मुलापुढे धरलं.

"बाबा, हे कुत्र्याचं आहे."

"माहितीये. तुझ्या बायकोनेच लिहून दिलंय, आला की द्यायचं."

धवलने बिस्कीट घेतलं. मग वाकून बुटाची नाडी सोडू लागला.