मिलिंदभाऊंचा मॅनिफोल्ड

आमचे मिलिंदभाऊ गाडीला अगरबत्ती लावतात. पूजेसाठी नव्हे. इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचं जुडगं, म्हणजे मॅनिफोल्ड, ते काढून बाकावर ठेवतात. एका तोंडाला जुना व्हॅक्यूम क्लीनर जोडतात, दुसऱ्या तोंडाशी अगरबत्ती धरतात आणि आत ओढला जाणारा धूर डोळे बारीक करून बघत बसतात. धूर जरा वळवळला की ओरडतात, "अडकून राह्यली बे हवा! अजून घासा लागते!" घासणारे तेच, ऐकणारा मी. जळगाव जामोदला त्यांच्या गॅरेजला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पळणार कुठे?

हवेवाचून त्यांना विषय नाही. लग्नाच्या पंगतीत जिलेबी उचलून नवरदेवाच्या मामाला म्हणाले, "हे पायलं का? नळी अशी वळली का हवा दमते." मामा जिलेबी खायचे राहिले.

यंदा त्यांनी आपल्या जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड आतून घासघासून गुळगुळीत केला आणि मला शेगाव रोडवर नेलं. पाय दाबला मात्र, मी सीटला चिकटलो आणि लहान पोरासारखा आनंदानं ओरडलो.

"पायलं? मोकळा श्वास घेऊन राह्यली!"

शेगावजवळच्या मैदानात मातीवरची शर्यत होती. गाडी चालवणार होती त्यांची प्रज्ञा. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. पोरीला पहिलं यायचंच होतं आणि आमच्या गल्लीच्या मते ती आलेलीच होती. आम्ही ताशा घेऊन गेलो.

झेंडा पडला. प्रज्ञानं वळणं काय घेतली! आम्ही नाचायला लागलो. पण सरळ पट्ट्यावर गाडी जोरच धरेना. शेवटी ती चौथी आली. आम्ही हळहळलो आणि मिलिंदभाऊ निवांत चहा पीत होते. मला त्यांचा रागच आला.

प्रज्ञा उतरली ती थेट बॉनेट उघडून वाकली. आत कंपनीचा दुसराच जुना, काळा, न घासलेला मॅनिफोल्ड.

"बाबा, आपलावाला कोठी हाय?"

"घरी." भाऊ खाली बघत म्हणाले. "सकाऊन बदलवला. काल सरावात तुही गाडी वळणावर दोन चाकांवर आली होती. लय भेलो मी. मले तूच एक हायेस व माय."

आमच्या ताशेवाल्यानं गळ्यातला ताशा काढून खाली ठेवला. प्रज्ञाला राग आला होता आणि रडूही येत होतं. तिनं बॉनेट आपटलं.

"पुढच्या खेपेले मॅनिफोल्ड मीच बसवीन."

"बसव," भाऊ म्हणाले. "फक्त मले सांगू नोको."