दिगंबरकाकांचं बिनइंजिनाचं विमान

दिगंबरकाका बोलता बोलता मध्येच गप्प झाले, की समोरच्यानं समजून घ्यायचं, घार आली. मग विषय कुठलाही असो, मान वर. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्यावर वस्तरा असताना त्यांनी अशीच मान वर केली. रक्त आलं. न्हावी घाबरून गेला आणि काका गळ्याला तुरटी दाबून त्यालाच घार दाखवत होते. "बघ, पंख हालवती का? न्हाय. आन् चढतीया कशी!"

मी येरमाळ्यात शाळामास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारी राहिलो, तेव्हापासून मलाही वर बघायची खोड लागली. काकांच्या लेखी जगाचे दोनच भाग. उन्हानं तापलेली हवा वर जाते तो चढ, आणि खाली बसते तो उतार. पुढं हे सगळ्यालाच लागू झालं. काकू रागावल्या की काका कुंपणापाशी येऊन हळूच सांगायचे, "गुरुजी, आत उतार हाय. चहाला जरा दमानं या." गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या मयतीला आम्ही गेलो होतो. सगळे मान खाली घालून उभे आणि काका धुराकडं बघतायत. "काय सरळ चढ हाय, गुरुजी! नशीबवान माणूस." म्हाताऱ्याच्या मुलानं ते ऐकलं. सुदैवानं त्याला तो वडिलांचा गौरव वाटला.

हे वेड पुण्याचं. तरुणपणी काका तिथल्या एका ग्लायडिंग क्लबात सुतार होते. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दोरीनं ओढून वर सोडायचं, मग ते घारीसारखं चढ शोधत तरंगतं. मोडलेले पंख काकांनी जोडायचे आणि उडायचं दुसऱ्यांनी, असं चाललं होतं. मग एकदा एका साहेबानं त्यांना मागच्या सीटवर बसवून वर नेलं. तिथंच माणूस कामातून गेला. पुढं काका गावी परतले, लोकांची दारं-खिडक्या करत संसार केला, पोरींची लग्नं लावली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं ग्लायडर बांधत राहिले. पंखांची हाडं देवदाराची, त्यावर मांजरपाटाचं जाडं कापड ताणलेलं. ते शिवलं काकूंनी. चाक एकच, तेही जुन्या स्कूटरचं. सरकारची परवानगी लागते ना, असं मी एकदा विचारलं. "घारीनं काढलीय का?" म्हणाले.

चाक एकच असल्यामुळं ग्लायडर जमिनीवर नीट उभं राहत नाही, एका पंखावर कलंडतं. म्हणून कुणीतरी पंखाचं टोक धरून त्याच्याबरोबर पळायचं आणि वेग आला की सोडून द्यायचं. हे काम काकूंचं. गावामागच्या माळावर पलीकडं पवनचक्क्या फिरतायत, गल्लीतल्या महादूची जीप दोर ओढतीय, काका आत बसलेत आणि काकू पदर खोचून पंखाबरोबर पळतायत, असा सराव चालायचा. ग्लायडर वीतभर उचललं जायचं आणि परत टेकायचं. "सोडू का?" काकू ओरडायच्या. "अजून धर!" आतून काका. बघणारे हसून लोळायचे. काकूही धापा टाकत हसायच्या.

खरं उड्डाण ठरलं ते चैत्रातल्या यात्रेनंतर. अर्धं गाव माळावर जमलं. काका आत बसले, आणि महादूनं, नव्या ट्रॅक्टरवर फोडतात तसा, नारळ थेट ग्लायडरच्या नाकावर फोडला. नारळ फुटला आणि नाकही फुटलं. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग त्यांना भेग दिसली. काका उतरले, भेगेवरून हात फिरवला आणि महादूला म्हणाले, "परसाद तरी वाट आता." काकू म्हणाल्या, "जाऊ द्या की. पुढल्या चैतात उडा." त्या नारळाची मला अजून हळहळ वाटते.

कारण त्याच पावसाळ्यात काकूंची उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणं परत आलं, काठी टेकत अंगणापर्यंत येऊ लागल्या. उजवा हात मात्र लुळाच राहिला.

नाक केव्हाच दुरुस्त झालं होतं. चैत्र आला. घारी अशा चढत होत्या की माझ्यासारख्यालाही कळावं. काका म्हणायचे, "आज हवा न्हाय." दुसऱ्या दिवशी, "हवा फुटकी हाय." हवेबद्दल कधी खोटं न बोललेला माणूस रोज खोटं बोलत होता आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. असे दोन-तीन चैत्र गेले. काकांच्या हाताला कंप सुटला. उडायचं तर आताच, नाही तर राहिलंच, हे त्यांनाही कळत होतं.

यंदा काकूंनी मला बोलावून घेतलं. "गुरुजी, हवा हाय का न्हाय ते मला कळत न्हाय व्हय? म्या खुर्चीत बसून बघायचं आन् पंख दुसऱ्यानं धरायचा, हे त्यांना सोसंना. म्या चार दिस बहिणीकडं जाते, बेंबळीला. म्या नजरंआड झाले की उडतील. पंख तुम्ही धरा."

काका आधी नको म्हणाले. शेवटी म्हणाले, "बरं. हिला यष्टीत बसवून येतो. तुम्ही व्हा माळावर."

मी आणि महादूनं ग्लायडर माळावर नेलं, पंख जोडले, दोर बांधला. वारा समोरून, वर घारी गोल गोल चढतायत. मी पंखाचं टोक धरून उभा राहिलो. ऊन कलायला लागलं तरी काकांचा पत्ता नाही. शेवटी फोन लावला.

"काका, कुठं आहात?"

"धाराशिवच्या म्होरं. बेंबळीच्या गाडीत."

काकाच पुढं म्हणाले, "खड्डे लई हायत वो, गुरुजी. हिला दांडी धरवंना, तोल जातुया. कुणी धराय नको का?"

मागून काकूंचा रडवेला आवाज आला, "गुरुजी, उतराय सांगा की त्यांना! अजून येळ गेली न्हाय!"

मी पंखाचं टोक हळूच जमिनीला टेकवलं.