कवडूजीचा चिनी सिनेमा

गोंदियाच्या आमच्या टॉकीजमध्ये सिनेमाचा शेवट दारातच सांगून टाकत असत. तिकीट फाडता फाडता कवडूजी हलक्या आवाजात म्हणे, "जा जी, बिनघोर पाहा. शेवटी पोरगा घरी येते." अर्धं तिकीट तुमच्या हातात, अर्धं त्याच्या डब्यात आणि सिनेमाचा निकाल तुमच्या कानात. एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हा शेवट हमखास चुकीचा असे.

नायक पुरात वाहून जायचा, आई वेडी व्हायची, पडद्यावर 'समाप्त'ची पाटी यायची, तरी अर्धं थिएटर पोरगा येण्याची वाट पाहत बसलेलं. मग लोक बाहेर येऊन कवडूजीला धरत. एकदा भाताच्या गिरणीतले एक मुनीमजी सहकुटुंब फसले होते. बायको अजून डोळे पुसत होती. "अरे, पोरगा तं मेला!" मुनीमजी ओरडले.

कवडूजीनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "तुमी लवकर उठले जी. पडदा पांढरा झाल्यावर येते तो."

मालक सेठजींनी त्याला पुष्कळदा झापलं. "कवडू, तू पिक्चर देखता नहीं, तो बोलता काहे को है?"

"मी पाहत बसलो तं दरवाज्यावर कोण राहील, सेठजी?"

सेठजी पुन्हा गल्ल्याकडे वळत. फुकट्यांना कवडूजी चपलेच्या आवाजावरून ओळखत असे. असा माणूस शेवट चुकीचे सांगतो म्हणून कोणी काढत नाही.

मी म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर होतो आणि रविवारच्या खेळाला मुद्दाम लवकर जात असे. कवडूजी मला आपल्या शेजारच्या स्टुलावर बसवून घ्यायचा. विषय ठरलेला होता, चिनी सिनेमा. जगात चिनी सिनेमा नावाची काही चीज आहे हे गोंदियात फक्त त्यालाच माहीत होतं. आम्ही चिनी म्हणून जो पाहिला होता तो सायकलवर रेशमी कापडाचे गठ्ठे लादून फिरणारा एक फेरीवाला, आणि तो सिनेमा काढत असेल असं त्याच्या तोंडावरून वाटत नव्हतं.

"चिन्याइनं हे कवाच करून टाकलं," हे कवडूजीचं पालुपद. आमच्याकडे कोणताही नवा सिनेमा लागो, त्यातली मारामारी, नाच, आगगाडी, सगळं चिन्यांनी आधीच करून टाकलेलं असे.

चिनी सिनेमाचा इतिहास त्याच्या मते तीन भागांत होता. "पयले उभं राहणं होतं. नाटकातल्या दाढीवाल्या बुढ्याले मशीनसमोर उभा केला. तो तलवार फिरवे. आवाज नाई, काही नाई. त्याले ते विजेची सावली म्हणत."

"मग?"

"मंग उडणं आलं. मानसं झाडावरून उडून राहिले, छपरावरून उडून राहिले, बायाबी उडून राहिल्या. पोरं शाळा सोडून डोंगरात साधू हुडकाले पळाले. मंग सरकारनं उडणं बंद केलं."

"सरकारनं?"

"हव. हुकूम काढला. तवापासून रडणं सुरू झालं." इथं तो सुपारीचं खांड तोंडात टाकायचा. "रडण्यात चिन्याचा हात कोनी धरत नाई जी. नदी राहते, एक माय राहते, आन् लढाई राहते. बस."

त्याला हे कुठून कळलं, तर रंगूनहून. जपानच्या लढाईच्या आधी तो तिथल्या भातगिरणीत हमालीला गेला होता. पाठ दुखावली तेव्हा चिनी मोहल्ल्यातल्या एका थिएटराच्या दारात त्याला काम मिळालं. रंगूनला पाऊस भारी, आणि ओल्या छत्र्या आत न्यायला बंदी. त्या छत्र्या राखायचं काम कवडूजीचं. तिथंच त्याला एक चिनी म्हातारा भेटला, त्याला तो आजा म्हणे. हा म्हातारा पूर्वी मुक्या सिनेमाच्या वेळी पडद्याशेजारी उभा राहून लोकांना गोष्ट समजावून सांगे. सिनेमा बोलायला लागला आणि आज्याचं बोलणं बंद झालं. मग तो रोज संध्याकाळी येऊन कवडूजीजवळ छत्र्यांमध्ये बसायचा आणि बाजारी हिंदुस्थानीत त्याला सिनेमा सांगायचा.

हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातली एक साधी गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र कवडूजीनं मला कधी सांगितली नाही, ती नवेगाव बांधच्या लोकांकडून कळली. तो तिथलाच. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर शेजारणीला एका कवडीला विकून परत घेतला होता, म्हणजे यमाला वाटावं की हा काही फार मोलाचा माल नाही. म्हणून कवडू. असा हा एकुलता पोरगा रंगूनला गेला आणि लढाई लागली. पत्रं बंद झाली. तेव्हा ती माय दर बाजाराच्या दिवशी पायी स्टेशनावर जायची. पोरगा भुकेला उतरेल म्हणून पदराला मुरमुरे बांधलेले. गाडी निघून गेली की येताना ते वाटेतल्या पोरांना देऊन टाकायची. कवडूजी जंगलातून, डोंगरातून चालत शेवटी गावी पोचला तेव्हा घराला बाहेरून कडी होती. माय त्याच उन्हाळ्यात गेली होती.

हिंदी-चिनी भाई-भाईचे दिवस आले आणि गोंदियातही एक मैत्री समिती निघाली. सेक्रेटरी एक वकीलसाहेब होते. फार सज्जन आणि फार मुद्देसूद माणूस. घरी पाणी मागायचं तरी दोन मुद्द्यांत मागतील असे. समितीनं खटपट करून एक चिनी सिनेमा मिळवला. त्यांना धरणं आणि कारखाने असलेला नवा सिनेमा हवा होता, हाती आला तो जुना आणि रडका. भाषा चिनी, खाली अक्षरं तीही चिनी. वकीलसाहेबांनी तो नागपूरला दुभाष्यासकट पाहिलेला होता. ग्रामीण जनतेला दाखवायचा म्हणून दिवाळीनंतरची नवेगाव बांधची मंडई ठरली. मंडईची जत्रा आणि दंडारीचे नाचगाण्याचे खेळ, त्यामुळे माणूस आपोआप जमतो.

समजावून कोण सांगणार? वकीलसाहेबांचं मराठी ऐकून इकडच्या झाडीपट्टीतला माणूस नमस्कार करतो आणि उठून जातो. सेठजी म्हणाले, "अपना कवडू है ना. चीनी जानता है."

वकीलसाहेबांनी कवडूजीला बोलावून घेतलं. "एक, मी तुमच्या शेजारी बसेन. दोन, कथानकात काडीचा बदल झाला तर मी माइक काढून घेईन आणि लोकांना खरं सांगेन. मैत्रीच्या कार्यात असत्य चालणार नाही."

"हव जी," कवडूजी म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "कवडूजी, चिनी येते ना तुम्हाला?"

"आज्याची येत होती," तो म्हणाला. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाला, "गावात आता इज्जतच उरली आहे, मास्तर. घर तं पडलं."

"मग नाही म्हणा ना."

"सांगणाऱ्यानं नाई म्हणू नये, असं आजा म्हणे."

मंडईला तलावाकाठचं सारं गाव आणि आसपासची खेडी लोटली होती. दंडारीच्या स्टेजवर पडदा बांधला. अर्धे लोक पुढे बसले, अर्धे पडद्यामागे, कारण मागून तिकडची माणसं आणखी नीट दिसतात असा तिथला समज आहे. मशीन सुरू झालं. कवडूजी माइक घेऊन पडद्याच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं पडद्याकडे पाठ केली. मग डोळे मिटले.

वकीलसाहेब माझ्याकडे पाहायला लागले. मी दुसरीकडे पाहायला लागलो.

"नदी आहे," कवडूजी म्हणाला. पडद्यावर खरंच नदी होती. "एक माय आहे. तिचा एक पोरगा आहे." होता. "आता लढाई येईल." आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेबांनी मान डोलावली. मधे एकदा म्हातारी हसत असताना कवडूजीनं तिला रडवली, पण लोकांनी आनंदाश्रू समजून चालवून घेतलं. माय डोंगा वल्हवायला लागली तेव्हा पुढे बसलेले मासेमार ढिवर आपसांत म्हणाले की वल्हं उलटं धरलं आहे, पण चिनी बाई आहे, जाऊ द्या. तिनं गाणं म्हटल्यावर वन्स मोर झाला. मशीनवाल्यानं ऐकलं नाही म्हणून गावच्या पाटलांनी उभं राहून बाईला एक रुपया इनाम जाहीर केलं. दंडारीत अशा वेळी नाच्या पुढे येऊन मुजरा करतो. बाई काही आली नाही. पाटील जरा नाराज झाले, मग रुपया मारुतीला देऊन टाकला.

आणि इकडे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांनी उजेड पडला. हा माणूस रंगूनला दाराबाहेर छत्र्या राखत होता. भिंतीपलीकडून आवाज ऐकत होता आणि आजा सांगेल तसा सिनेमा समजून घेत होता. कवडूजीनं जन्मात एकही चिनी सिनेमा पाहिला नव्हता. आताही तो पाहत नव्हता, ऐकत होता.

शेवटाकडे आवाज थांबला. ना गाणं, ना बोलणं. नुसती मशीनची घरघर. कवडूजीला ऐकायला काही उरलं नाही. त्यानं डोळे उघडले आणि वळून पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर नदीचा घाट होता. म्हातारी पायरीवर बसली होती. डोंगे येत होते, माणसं उतरत होती, आपापल्या वाटेनं जात होती. म्हातारी प्रत्येकाचं तोंड पाहत होती. कवडूजी माइक हातात धरून नुसता पाहत राहिला. लोक चुळबुळायला लागले. "सांग ना गा, कवडू," पडद्यामागून कोणीतरी ओरडलं.

"माय बसली आहे," तो म्हणाला. आवाज वेगळाच होता. "पोराची वाट पाहून राहिली. पदराले मुरमुरे बांधले आहेत तिनं."

म्हातारीच्या अंगात चिनी अंगरखा होता. पदर नव्हता आणि मुरमुरेही नव्हते. वकीलसाहेब ताठ झाले. पण बायकांच्या बाजूची कुजबुज एकदम बंद झाली. त्या गावात असे मुरमुरे खाल्लेली पोरं आता बाप्ये होऊन समोर बसली होती.

शेवटचा डोंगा आला. रिकामा होता. म्हातारी बसूनच राहिली. चिनी अक्षरांची पाटी आली आणि पडदा पांढरा झाला. मला वकीलसाहेबांनी नंतर सांगितलं की मूळ कथा तिथंच संपते. पोरगा लढाईत मेलेला असतो.

"थांबा," कवडूजी माइकवर म्हणाला. "उठू नका. आनखी एक डोंगा आहे. तलावाच्या वळणावर दिसून राहिला."

वकीलसाहेबांनी माइककडे हात नेला. नियम त्यांनीच घातला होता आणि ते शब्दाचे पक्के होते. "हे असत्य आहे. मूळ कथेत..."

"येऊ द्या जी त्याले," बायकांतून एक ढिवरीण म्हातारी म्हणाली. उठली नाही, ओरडलीही नाही. "येऊ द्या ना, वकीलसायेब."

वकीलसाहेबांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायला घेतला. पुसायला त्यांना फार वेळ लागला.

पांढऱ्या पडद्यासमोर उभा राहून कवडूजीनं डोंगा काठाला आणला. सावकाश आणला. पोरगा वाळून गेला आहे, पाय फुटले आहेत, दाढी वाढली आहे, हे सगळं सांगितलं. "उतरला," तो म्हणाला. तेवढं मोठं गाव एका पांढऱ्या कापडाकडे पाहत बसलं होतं. "उतरला, आन् माय होती. तिथंच होती. गेली नव्हती कुठं."

त्यानं माइक वकीलसाहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो एकही मुद्दा न मांडता बंद केला. मला तर रडू आवरेना, आणि ते आवरण्याची फारशी इच्छाही नव्हती.

पुढच्या रविवारी कवडूजी टॉकीजच्या दारात नेहमीसारखा उभा होता. तिकीट फाडताना म्हणाला, "बिनघोर पाहा जी. शेवटी पोरगा घरी येते." सिनेमात पोरगा फासावर गेला. पाटी आली, दिवे लागले, लोक शिव्या देत उठले. मी बसून राहिलो. पडदा चांगला पांढरा होऊ दिला आणि मग उठलो.

दारात कवडूजी माझ्यासाठी एक फळी उघडी धरून थांबला होता.

"आला का जी, मास्तर?"

"आला," मी म्हणालो.